सावलीचा रंग शोधणारा चित्रकार : कामीय पिसारो

सावलीचा रंग कोणता, असे कोणी विचारले तर आपण क्षणाचाही विचार न करता ‘काळा’ असे उत्तर देऊ. शाळेतील मुले चित्रात झाडाखाली काळा पट्टा ओढतात, आणि आम्ही शिक्षकही त्यात काही वावगे मानीत नाही. युरोपातील चित्रशाळांतही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थोड्याफार फरकाने हेच चालत होते. सावलीसाठी काळा किंवा डांबरी तपकिरी रंग घ्यावयाचा, चित्राचा पुढचा भाग गडद ठेवावयाचा, आणि सगळा देखावा जुन्या लाकडासारखा पिंगट दिसू लागला म्हणजे चित्र पुरे झाले असे समजावयाचे. उन्हातल्या गवतावरची सावली निळसर असते, बर्फावरची तर कधी कधी जांभळी असते, हे त्या काळच्या लोकांच्या डोळ्यांना दिसत नव्हते असे नाही. दिसत होते, पण जे दिसते तेच रंगवावे, असे कोणी त्यांना सांगितले नव्हते.

ते ज्यांनी सांगितले त्या मंडळींना पुढे ‘इंप्रेशनिस्ट’ हे नाव पडले. आपल्याकडे त्यांच्या पंथास दृक्प्रत्ययवाद म्हणतात. या पंथाचे नाव निघाले की प्रथम आठवतो तो क्लोद मोने, आणि ते योग्यच आहे. तथापि निसर्गचित्र जुन्या वाटेवरून नव्या वाटेवर कसे आले, वाटेत काय काय टाकावे लागले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घ्यावयाचे असेल तर मोनेपेक्षा कामीय पिसारोचे चरित्र अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. कारण मोनेला ती दृष्टी जणू जन्मतःच मिळाली होती. पिसारोने ती पायरी-पायरीने मिळविली.

त्याचा जन्म १० जुलै १८३० रोजी कॅरिबियन समुद्रातील सेंट टॉमस या लहानशा बेटावर झाला. बेट त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. बाप फ्रान्समधील बोर्दो येथून आलेला ज्यू व्यापारी. मूळ घराणे पोर्तुगालमधले. धर्मन्यायालयाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, धाकात पोर्तुगीज ज्यूंना कसे दिवस काढावे लागले, हे गोव्यातील श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. आईबापांचा विवाहही सरळ नव्हता. आई ही बापाच्या मामाची विधवा. तेव्हा बेटावरील सिनेगॉगने कित्येक वर्षे त्या विवाहास मान्यता दिली नाही, आणि मुलांना मोरेव्हियन मिशनच्या शाळेत घालावे लागले. जन्माने ज्यू, नागरिकत्वाने डॅनिश, भाषेने फ्रेंच, असा हा मुलगा. कोठल्याच चौकटीत तो पुरता बसत नव्हता. डॅनिश नागरिकत्व मात्र त्याने अखेरपर्यंत सोडले नाही.

बाराव्या वर्षी त्याला पॅरिसजवळच्या पासी येथील शाळेत धाडण्यात आले. तेथे चित्रकलेची गोडी लागली. पाच वर्षांनी परत आल्यावर बापाने त्याला दुकानात आणि बंदरावर माल उतरवून घेण्याच्या कामाला लावले. हिशेबाच्या वह्यांपेक्षा हातातल्या चित्रवहीकडे त्याचे लक्ष अधिक. अखेरीस फ्रिट्स मेल्बी नावाच्या डॅनिश चित्रकाराशी ओळख झाली आणि १८५२ मध्ये तो त्याच्याबरोबर व्हेनेझुएलात कॅराकास येथे निघून गेला. तेथे दोन वर्षे त्याने बाजार, ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायका, उष्ण कटिबंधातील झाडे यांची असंख्य रेखाटने केली. ज्याचे बालपण कडक उन्हात गेले आहे त्याला सावली काळी नसते हे कळावयास पॅरिसची शाळा कशाला हवी, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्या काळातील त्याची तैलचित्रे पाहिली तर त्यांत अजून जुन्या रीतीचा संयमच अधिक आढळतो.

१८५५ मध्ये तो पॅरिसला आला तो कायमचा. त्याच वर्षी तेथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्यात त्याने कोरोची निसर्गचित्रे पाहिली. कूर्बेने बाहेर स्वतंत्र मंडप उभारून आपली चित्रे मांडली होती तीही पाहिली. कोरो हा त्या पिढीतील निसर्गचित्रकारांचा वडीलधारा. तो तरुणांना घरी येऊ देई, सल्ला देई. उजेड आणि अंधार यांच्या पायऱ्या अचूक तोलावयास पिसारो त्याच्यापाशीच शिकला. १८६४ व १८६५ च्या सरकारी प्रदर्शनांच्या सूचीत त्याने आपल्या नावापुढे ‘कोरोचा शिष्य’ असे आवर्जून लिहिले आहे.

या सरकारी प्रदर्शनाला ‘सालाँ’ म्हणत. चित्रकाराचे पोट त्यावर अवलंबून असे. सालाँने चित्र स्वीकारले तर गिऱ्हाईक मिळणार, नाकारले तर घरभाडे थकणार. पिसारोचे एक निसर्गचित्र १८५९ मध्ये स्वीकारले गेले. १८६१ व १८६३ मध्ये त्याला नकार मिळाला. १८६३ साली नाकारलेल्यांची संख्या इतकी वाढली की सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांच्यासाठी निराळे प्रदर्शन भरविण्याची आज्ञा केली. त्यात पिसारोची चित्रे होती. याच सुमारास ‘अकादमी स्विस’ नावाच्या एका जागी तो सरावासाठी जात असे. नाव अकादमी, पण तेथे गुरू नव्हता की परीक्षा नव्हती. थोडे पैसे द्यावे आणि समोर बसलेल्या माणसाला पाहून चित्र काढावे. तेथेच १८५९ च्या सुमारास त्याला तरुण मोने भेटला आणि १८६१ मध्ये दक्षिणेकडून आलेला, रांगडा, कोणाशी न पटणारा पोल सेझान भेटला. ज्याच्या चित्रांना बाकीचे हसत होते त्या सेझानमध्ये काही आहे, हे प्रथम ओळखणाऱ्यांत पिसारो होता.

कोरोपासून तो दूर झाला तो एका साध्या गोष्टीवरून. कोरो उघड्यावर बसून अभ्यासचित्रे करी, पण प्रदर्शनात ठेवावयाचे मोठे चित्र कार्यशाळेत सावकाश रचून पुरे करी. पिसारोला हे पटेना. जे चित्र शेताच्या बांधावर सुरू केले ते तेथेच संपले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. या आग्रहामागे एक अगदी व्यावहारिक कारणही होते. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने तैलरंगासाठी पत्र्याची पिळता येणारी नळी शोधून काढली होती. तोवर खलून तयार केलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवावा लागे. पिशवीला भोक पाडले की रंग लवकर सुकू लागे. नळी आली, टोपण आले, आणि दहा-बारा रंग खिशात घालून दिवसभर रानात बसणे शक्य झाले. कलेच्या इतिहासात मोठमोठ्या विचारांची चर्चा होते. या टोपणाच्या नळीलाही त्यात जागा मिळावयास हवी.

१८६६ मध्ये पिसारो पॅरिसच्या वायव्येस असलेल्या पाँत्वाझ या गावी राहावयास गेला. वाझ नदीच्या काठचे, टेकडीवर वसलेले हे गाव. आसपास भाजीमळे, सफरचंदाच्या बागा आणि नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या कारखान्यांची धुराडी. तेथे काढलेल्या टेकड्यांच्या चित्रांत त्याचा हात मोकळा झालेला दिसतो. रंगाचे रुंद, सपाट पट्टे, त्यांत चौकोनी घरे, वर मोजके आकाश. तरुण लेखक एमिल झोला याने या चित्रांची वृत्तपत्रातून स्तुती केली. स्तुतीने पोट भरले नाही, ही गोष्ट निराळी. घरात आता ज्यूली होती. बर्गंडीतील द्राक्षमळेवाल्याची ही मुलगी पिसारोच्या आईकडे कामाला होती. घरच्यांना हे नाते मान्य नव्हते. आणि मुले तर होऊ लागली होती.

१८६९ मध्ये बिऱ्हाड लूव्हसिएन येथे हलले. त्या हिवाळ्यात मोने त्याच्याकडे येऊन राहिला, आणि दोघांनी एकाच रस्त्यावरील बर्फ शेजारी शेजारी उभे राहून रंगविले. बर्फ हा सावलीचा रंग शिकविणारा सर्वांत चांगला गुरू. पांढऱ्यावर काळे टिकत नाही. डोळा मान्यच करीत नाही. तेथे निळा, करडा, गुलाबी असे रंग घेणे भागच पडते. नवी वाट आता समोर दिसू लागली होती.

आणि तेवढ्यात युद्ध आले. १८७० च्या जुलैत फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पिसारो बायकामुलांसह आधी ब्रिटनीच्या सीमेकडे एका मित्राच्या शेतावर आणि तेथून लंडनला गेला. पाठीमागे लूव्हसिएनचे घर प्रशियन सैनिकांनी व्यापले. घरात सुमारे पंधराशे चित्रे आणि अभ्यास होते. वीस वर्षांचा सगळा संचय. बागेतल्या चिखलात बूट भरू नयेत म्हणून सैनिकांनी त्यांतले कॅनव्हास जमिनीवर पसरले आणि त्यांवरून चालू लागले. पिसारो परत आला तेव्हा सुमारे चाळीस चित्रे हाती लागली.

या आकड्यापाशी क्षणभर थांबावयास हवे. आज आपण एखाद्या चित्रकाराच्या ‘आरंभीच्या काळा’विषयी बोलतो ते त्याची चित्रे डोळ्यांपुढे ठेवून. पिसारोच्या बाबतीत तो काळ जवळजवळ पुसला गेला आहे. कोरोच्या रीतीपासून तो नव्या रीतीकडे आला त्या वाटेवरील बहुतेक पावले त्या बागेतल्या चिखलात गेली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी हात रिकामे झालेल्या या माणसाने तक्रारीत फारसा वेळ घालविला नाही. तो पुन्हा कामाला लागला.

लंडनचे दिवस अगदीच वाया गेले नव्हते. नॉरवुड या उपनगरात राहून त्याने तेथील रस्ते, धुके आणि नवी रेल्वे स्थानके रंगविली. ज्यूलीशी विवाहही तेथेच, क्रॉयडन येथे, जून १८७१ मध्ये नोंदला गेला. पोल द्युराँ-र्‍युएल हा फ्रेंच चित्रव्यापारी युद्धामुळे तेथे आला होता. त्याने पिसारोची चित्रे घेतली आणि पुढे कितीदा कर्जात बुडूनही या मंडळींची साथ सोडली नाही. मोनेही लंडनमध्येच होता. दोघांनी मिळून टर्नर आणि कॉन्स्टेबल यांची चित्रे लक्षपूर्वक पाहिली. टर्नर पाहिला आणि दृक्प्रत्ययवाद जन्मला, असे काही इंग्रज लेखकांनी पुढे लिहिले, तेव्हा म्हाताऱ्या पिसारोने आपल्या मुलाला पत्र लिहून त्याचा प्रतिवाद केला आहे. या दोघांकडून आपण शिकलो हे तो मान्य करतो. परंतु सावलीचे पृथक्करण त्यांना उमगले नव्हते, टर्नरच्या चित्रात सावली म्हणजे नुसते एक भोक असते, असा त्याचा आक्षेप आहे. टर्नरचे चाहते यावर रागावतील. पण पिसारो जन्मभर कशाच्या मागे होता हे त्या एका शब्दात सापडते.

१८७२ पासून दहा वर्षे तो पुन्हा पाँत्वाझला राहिला. हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत सुपीक काळ. सेझान जवळच येऊन राहिला आणि दोघे एकाच टेकडीसमोर ईझल मांडून काम करू लागले. पिसारोने पॅलेटवरून काळा, डांबरी आणि मातकट रंग काढून टाकले होते. तांबडा, निळा, पिवळा आणि त्यांच्यापासून होणारे रंग एवढ्यांवरच भागवावे, असे तो सेझानला सांगे. सेझानने तर त्याचे लूव्हसिएनचे एक चित्र मागून घेऊन त्याची नक्कल करून पाहिली. पुढे आधुनिक चित्रकलेचा पिता म्हणून ज्याला मान मिळाला तो माणूस वयाच्या तिशीनंतर शाळकरी मुलासारखा दुसऱ्याचे चित्र उतरवीत बसला होता, हे ऐकून आमच्या वर्गातील ‘नक्कल कशाला?’ म्हणणाऱ्या मुलांना आश्चर्य वाटेल.

सालाँच्या दारात उभे राहावयाचे नाही, आपले प्रदर्शन आपण भरवावयाचे, असे १८७३ च्या अखेरीस या मंडळींनी ठरविले आणि एक सहकारी संस्था स्थापन केली. संस्थेची घटना करण्याचे काम आले तेव्हा पिसारोने पाँत्वाझमधील पाव भाजणाऱ्या कामगारांच्या संघाची नियमावली पुढे ठेवली! चित्रकारांनी भटारखान्याचे नियम घ्यावेत हे रन्वारला काही रुचले नाही. परंतु पिसारोच्या मनात चित्रकार आणि पाव भाजणारा यांच्यात फारसे अंतर नव्हते. दोघेही हातांनी काम करणारे. त्याची मते पुढे अराज्यवादी झाली त्याचे बीज येथेच आहे.

पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या रिकाम्या जागेत १५ एप्रिल १८७४ रोजी ते प्रदर्शन उघडले. त्याच्या अवघे काही दिवस आधी पिसारोची नऊ वर्षांचीही पुरी न झालेली मुलगी जान वारली होती. त्याने पाठविलेल्या पाच चित्रांत ‘गोठलेले दंव’ हे चित्र होते. हिवाळ्यातील सकाळ. नांगरलेले शेत, त्याच्या तासांवर पांढरे दंव साकळलेले, पाठीवर काटक्यांची मोळी घेऊन चढण चढणारा एक शेतकरी. आणि शेतावर आडव्या पडलेल्या लांबच लांब निळसर सावल्या. ज्या झाडांच्या त्या सावल्या, ती झाडे मात्र चित्रात नाहीत! ती चौकटीबाहेर, चित्रकाराच्या पाठीमागे कोठेतरी उभी आहेत. जुन्या रीतीने पाहणाऱ्याला हे सहन होणे कठीणच. समीक्षक कास्तान्यारी हा या मंडळींचा हितचिंतक. पण त्यानेही चित्राबाहेरील झाडांच्या सावल्या चित्रात आणल्याबद्दल दोष दिला. लुई लरवा याने विनोदी पत्रात लेख लिहून, ही शेताची तासे नसून पॅलेट खरवडून मळक्या कापडावर फासलेले रंग आहेत, अशी थट्टा केली. त्याच लेखात मोनेच्या एका चित्राच्या नावावरून काढलेला ‘इंप्रेशनिस्ट’ हा टोमणा पंथाचे नाव होऊन बसला.

प्रदर्शनाला महिन्याभरात साडेतीन हजारांच्या आसपास लोक आले, त्यांतील पुष्कळसे हसावयास. वर्षाअखेर हिशेब झाला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या अंगावर साडेएकशे चौऱ्याऐंशी फ्रँकचे देणे निघाले आणि संस्था मोडली. तरीही १८८६ पर्यंत या मंडळींची आठ प्रदर्शने झाली. कोणी रुसून गेले, कोणी सालाँकडे परतले. आठही प्रदर्शनांत ज्याची चित्रे होती असा एकच चित्रकार, पिसारो.

या वर्षांतील त्याच्या घरची स्थिती त्याच्या पत्रांवरून कळते. चित्रे विकली जात नव्हती. ज्यूली बागेत भाजीपाला लावून, कोंबड्या-ससे पाळून संसार ढकलीत होती. तो पंखे रंगवी, फरशा रंगवी. मोने-रन्वार यांच्या नद्या आणि नौका पाहणाऱ्याला निदान सुंदर तरी वाटत. पिसारो कोबीचे मळे काढी, आणि असला विषय चित्रात आणण्याबद्दल टीकाकार त्याला नावे ठेवीत. वडिलांच्या आणि आईच्या ओढाताणीत वाढलेली त्याची मुले मात्र बहुतेक सगळी चित्रकारच झाली. माउलीच्या दृष्टीने हा तिहेरी प्रहार म्हणावा लागेल!

आता या प्रवासातील सर्वांत आश्चर्यकारक वळण. पंचावन्नाव्या वर्षी, जेव्हा माणूस आपल्या रीतीत मुरलेला असतो तेव्हा, पिसारो स्वतःहून पुन्हा विद्यार्थी झाला. १८८५ मध्ये त्याची जॉर्ज सरा आणि पोल सिन्याक या विशी-पंचविशीतील तरुणांशी गाठ पडली. रंग पॅलेटवर मिसळू नयेत, शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवावेत, मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यात व्हावे, असा त्यांचा शास्त्रीय सिद्धांत. यालाच बिंदुवाद म्हणतात. पिसारोला वाटले, सावलीचे जे गणित आपण इतकी वर्षे अंदाजाने सोडवीत होतो त्याची रीत या पोरांना सापडली आहे. १८८६ च्या आठव्या प्रदर्शनात त्याने हट्टाने या तरुणांना जागा मिळवून दिली. त्या प्रदर्शनात मोने नव्हता, रन्वार नव्हता. द्युराँ-र्‍युएललाही ही ठिपक्यांची चित्रे आवडली नाहीत. आणि एकेक चित्र पुरे व्हावयास इतका वेळ लागे की विकावयास फारसे काही नसेच.

सुमारे चार-पाच वर्षांनी त्याने ही रीत सोडून दिली. कारण त्याने स्वतःच नंतर पत्रात सांगितले आहे: या पद्धतीत क्षणोक्षणी बदलणाऱ्या निसर्गाच्या मागे धावता येत नाही, आणि हाताची हालचालच मरून जाते. काही टीकाकार या काळाला त्याची चूक समजतात. मला तसे वाटत नाही. ठिपक्यांनी त्याच्या रंगाला जी शिस्त लावली ती नंतरच्या चित्रांत स्पष्ट दिसते. आपल्याकडे इंदूरला शिकलेले आणि पुढे बडोद्याच्या विश्वविद्यालयात अनेक वर्षे शिकविणारे ना. श्री. बेंद्रे यांनीही आरंभी मोकळ्या कुंचल्याची निसर्गचित्रे केली आणि उत्तरायुष्यात रंगबिंदूंची रीत हाताळली. ती चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठिपका म्हणजे काही खेळ नव्हे हे समजेल.

१८९२ मध्ये द्युराँ-र्‍युएलने त्याचे मोठे प्रदर्शन भरविले आणि बासष्टाव्या वर्षी पिसारोला थोडी उसंत मिळाली. एरान्यी या खेड्यातील भाड्याचे घर मोनेने दिलेल्या कर्जातून त्याच वर्षी विकत घेतले गेले. कर्ज मागावयास मोनेकडे गेली ती ज्यूली. पिसारो त्या वेळी लंडनला होता.

पण उसंत मिळाली आणि डोळा दुखावला. उजव्या डोळ्याच्या अश्रुनलिकेचा विकार जडला. धूळ आणि वारा लागला की डोळा सुजे. ज्याने सगळे आयुष्य ‘चित्र उघड्यावरच पुरे झाले पाहिजे’ या एका आग्रहावर काढले त्याला घराबाहेर बसण्याची बंदी झाली. त्याने मग खिडकी शोधली. हॉटेलातील वरच्या मजल्याची खोली भाड्याने घ्यावयाची आणि बंद काचेमागे ईझल मांडावयाचे. अशा रीतीने रूआँ येथील पूल व बंदर त्याने रंगविले. १८९७ मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलातून बुलव्हार मोंमार्त्र या हमरस्त्याची चौदा चित्रे केली: सकाळची, पावसातली, मिरवणुकीची आणि एक रात्रीचे, ज्यात ओल्या रस्त्यावर दिव्यांचा उजेड सांडला आहे. शेतकऱ्यांचा आणि कोबीचा हा चित्रकार म्हातारपणी शहराचा चित्रकार झाला. वरून पाहिलेली माणसे आणि घोडागाड्या यांसाठी कुंचल्याचा एकेक फटकारा; पण तो नेमका.

त्या खिडकीखालून नेहमीच आनंदाच्या मिरवणुका जात नसत. १८९८ च्या जानेवारीत झोलाने द्रेफ्यूस या ज्यू अधिकाऱ्यावरील अन्यायाबद्दल आपले प्रसिद्ध उघडे पत्र छापले, आणि पॅरिसच्या रस्त्यांतून ज्यूंविरुद्ध आरोळ्या ठोकीत टोळकी फिरू लागली. पिसारोने झोलाला अभिनंदनाचे पत्र लिहिले. देगा आणि रन्वार हे जुने सोबती त्याला टाळू लागले. देगाच्या चित्रांबद्दलचा आदर पिसारोने त्यानंतरही सोडला नाही. तो त्या दिवसांत हॉटेलच्या खोलीत बसून ऑपेराकडे जाणारा रस्ता रंगवीत होता. त्या चित्रांतील सकाळ अतिशय शांत आहे.

१९०३ च्या उन्हाळ्यात तो ल हाव्र बंदरात गेला, तेथेही खिडकी घेतली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची मालिका पुरी केली. त्यांतील दोन चित्रे तेथील नगर-संग्रहालयाने विकत घेतली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये त्याचे देहावसान झाले.

तीन वर्षांनी, १९०६ मध्ये, एक्स या गावी एक स्थानिक प्रदर्शन भरले. सेझान तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता आणि सगळ्या पॅरिसच्या तरुण चित्रकारांचे डोळे त्याच्याकडे लागलेले होते. प्रदर्शनाच्या सूचीसाठी त्याने आपली ओळख लिहून दिली: ‘पोल सेझान, पिसारोचा शिष्य.’